समुद्राला जायचा आठवडा

लाँड्रीत त्याला सगळे नन्ना म्हणत, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. चहाला चला म्हटलं की आत्ता नको, पंखा लावू का म्हटलं की वारा लागतो, बंद करू का म्हटलं की जीव गुदमरतो. नन्नाचा पाढा त्याच्या रक्तातच होता. तोंडावर मात्र त्या नावानं हाक मारायची कुणाची छाती नव्हती, कारण नन्ना फार वाईट भांडायचा आणि झालेलं भांडण वर्षानुवर्षं जपून ठेवायचा.

लाँड्री इस्पितळांच्या चादरी धुणारी. धुतलेल्या ओल्या चादरी गाड्यांवरून यायच्या आणि नन्ना एकेक चादर ताणून इस्त्रीच्या मोठ्या मशीनमध्ये सोडायचा. तापलेल्या रुळांतून ती पलीकडे निघाली की तिथे उभा असलेला घडीवाला ती धरून घडी घालायचा. दिवसाला सहाशे चादरी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जायच्या, आणि अकरा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. कारण काय, तर खिडकी. मशीनजवळची खिडकी उघडी असली की नन्नाला बरं वाटायचं आणि घडीवाल्याच्या पांढऱ्याशुभ्र घड्यांवर रस्त्याची धूळ बसायची. रोज एक उघडायचा, दुसरा लावायचा. शेवटी एका सकाळी घडीवाल्यानं लवकर येऊन खिडकीला खिळे ठोकले. तेव्हापासून दोघांतून विस्तव जात नव्हता. मशीन थांबवायचं असलं तर नन्ना ते मुकादमाला सांगायचा, आणि चार हातांवर उभ्या असलेल्या घडीवाल्याला मुकादम ओरडून कळवायचा.

नन्नाची बायको एका शाळेत शिपाई होती. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, मुलांची राहिलेली दप्तरं गोळा करायची. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यात तिनं नवऱ्याकडे हट्टानं एकच गोष्ट मागितली होती. तिला समुद्र बघायचा होता, तोही एकटीनं नाही, त्याच्याबरोबर. नन्नाचं म्हणणं असं की मी कधी नाही म्हटलं, मी फक्त चांगला मोसम बघतोय. उन्हाळ्यात वाळूनं पाय भाजतात. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, पाण्याजवळही फिरकू देत नाहीत. पावसाळा सरताना पाणी गढूळ आणि किनाऱ्यावर वाहून आलेला कचरा. थंडीत एवढी गर्दी की समुद्र बघायचा की माणसांच्या पाठी? थंडी संपून उकाडा सुरू होण्याआधीचा एक आठवडा तेवढा त्याच्या मते निर्दोष होता. भरती-ओहोटीपासून वाऱ्याच्या दिशेपर्यंत सगळं त्यानं चौकशी करून ठरवलं होतं. आयुष्यात समुद्र न पाहिलेला हा माणूस समुद्रावर तासभर बोलू शकत असे, आणि बोलतही असे.

पण तो आठवडा त्याला मिळत नव्हता. लाँड्रीत रजेचा तक्ता वर्षातून एकदा भिंतीवर लागायचा आणि ज्याची नोकरी जास्त त्यानं आधी आपला आठवडा निवडायचा. एकदा पेन्सिलीनं नाव घातलं की खोडायचं नाही. एका मशीनवरची दोन जुनी माणसं एकाच आठवड्यात सुट्टीवर गेलेली मुकादमाला चालत नसत. घडीवाला नन्नाच्या आधी चार दिवस नोकरीला लागलेला. बस, चार दिवस. दरवर्षी तोच पुढे व्हायचा आणि नेमका तोच आठवडा घ्यायचा, कारण त्याची लांब दिलेली मुलगी तेव्हाच माहेरी येऊ शकायची आणि सगळे मिळून समुद्रावर जायचे.

यंदा मात्र चक्र उलटं फिरलं. घडीवाला दोन महिने आजारी होता. ते महिने त्याच्या नोकरीतून कापले गेले आणि तक्त्यावर नन्नाचा नंबर पहिला लागला. माणूस मरता मरता वाचला होता, आणि नन्नाला आनंद झाला तो या चार दिवसांच्या सूडाचा. माणसानं किती कोतं असावं, याला काही धरबंध?

त्यानं ही बातमी घरी सांगितली तेव्हा बायकोनं भाजी चिरता चिरता हात थांबवला. ती म्हणाली की मग यंदा माझ्या सहामाहीच्या सुट्टीतला आठवडा घ्या, मला वर्षात तेवढीच सलग सुट्टी असते. नन्ना म्हणाला की तेव्हा पाऊस पुरता सरलेला नसतो. ती म्हणाली की लागू दे पाऊस. आणि आश्चर्य म्हणजे नन्ना हो म्हणाला. खरंच म्हणाला. बायकोनं दुसऱ्याच दिवशी शेजारणीकडून मोठी पिशवी मागून आणली.

निवडीच्या दिवशी नन्नानं पेन्सिल हातात घेतली. मागे सगळी माणसं उभी, दोन नंबरवर घडीवाला. आजारपणानं त्याचा सदरा अंगावर लोंबत होता. त्यानं शेजारच्याला हळूच सांगितलं की खोली ठरवून ठेवली आहे, नातू आता चालायला लागलाय. नन्नाच्या कानावर ते पडलं. बायकोचा आठवडा तक्त्याच्या डाव्या बाजूला होता. नन्नाचा हात उजवीकडे गेला. त्यानं घडीवाल्याच्या आठवड्यात आपलं नाव घातलं, पेन्सिल दाबून दोनदा गिरवलं, आणि मागे वळून पाहिलं. घडीवाल्याचा चेहरा पडलेला बघून त्याला अकरा वर्षांत वाटलं नव्हतं एवढं गार वाटलं. मुकादम एवढंच पुटपुटला, "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन." नन्नानं ते कानाआड केलं.

घरी येऊन त्यानं सांगितलं की सगळ्यांत चांगला आठवडा मिळवला.

"तेव्हा शाळेत वार्षिक परीक्षा असते," बायको म्हणाली. "मला रजा मिळत नाही. तुम्हाला ठाऊक आहे."

"मागून तर बघ."

तिनं मोठी पिशवी घडी करून कपाटावर ठेवली, आणि नन्नाला वाटलं, मिटलं.

घडीवाल्यानं मग काय निवडलं? सहामाहीचा आठवडा. त्याच्या बायकोला तो सोयीचा होता. मुलगी काही तेव्हा येऊ शकत नव्हती, त्यामुळे तारीख बदलून घेतलेल्या खोलीत एक खाट रिकामी राहिली. नवऱ्यांची तोंडं दोन दिशांना असली तरी या दोन्ही बायका बाजारात भेटल्या की पिशव्या खाली ठेवून अर्धा तास बोलायच्या. त्या खाटेसाठी घडीवाल्याच्या बायकोनं नन्नाच्या बायकोला विचारलं, आणि तिनं घरी येऊन तसं सांगून टाकलं.

नन्ना ताडकन उठला. "त्या माणसाबरोबर तू जाणार?"

"भांडण तुमचं आहे. मला त्यात कशाला घेता?"

ती गेली. तो आठवडा नन्नानं मशीनवर आग पाखडत काढला. पलीकडे बदली माणूस होता आणि घड्या वाकड्या पडत होत्या. बाहेर तीन दिवस पाऊस होता. त्या प्रत्येक सरीला नन्ना मनातून शाबासकी देत होता. ती परत आली तेव्हा रापली होती, पिशवीच्या तळाला वाळू होती. पाऊस लागला असेल, त्यानं विचारलं. लागला, आम्ही भिजलो, ती म्हणाली आणि कपडे वाळत घालू लागली. नन्ना तक्रारीची वाट बघत उभा राहिला. तक्रार काही आली नाही.

सोमवारी घडीवाल्यानं मुकादमाच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मुकादमानं सवयीनं सगळ्या लाँड्रीला ऐकू जाईल असं ओरडून कळवलं, "वहिनींच्या चपला यांच्या सामानात आल्यात." वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चपला हातोहात नन्नापर्यंत आल्या. लाँड्रीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. घडीवाला मात्र हसला नाही, आणि नन्नाला त्याचाच जास्त राग आला.

थंडी सरली. नन्नाचा निर्दोष आठवडा आला. आकाश स्वच्छ, वारा हवा तसा, ऊन कोवळं. सुंभ जळला तरी पीळ कुठे जळतो. पण या खेपेला तो जरा नरमला होता. समुद्राकडे खिडकी असलेली खोली त्यानं ठरवली, शाळेच्या मोठ्या बाईंना स्वतः भेटून बायकोची दोन दिवसांची रजा मागितली, आणि ती मिळालीही. सकाळी तो भरलेली बॅग घेऊन दारात उभा राहिला. बायको शाळेचा डबा भरत होती.

"चल," तो म्हणाला. "आता तरी चल. असा समुद्र तू बघितलाच नसशील."

"मला समुद्र तुमच्याबरोबर बघायचा होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यात रागही नव्हता. "तेवीस वर्षं तेवढंच मागत होते. मग तुमच्याशिवाय बघितला, आणि तिथे गेल्यावर कळलं की तुम्ही नव्हता तेच बरं होतं."

तिनं डब्याचं झाकण लावलं, आणि घंटेची वेळ झाली म्हणून त्याच्या बॅगेला वळसा घालून निघून गेली.