दिल्लीतलं भाषण, नगरातला जबाब

त्याला आधी आमच्या कार्यालयात आणलं, दवाखान्यात नंतर. आज हे कुणाला वेडेपणाचं वाटेल, पण नव्वदच्या दशकात आमच्या जिल्ह्यात तीच रीत होती. खासदारांचा फोन गेला की सिव्हिल हॉस्पिटलात डॉक्टर लवकर यायचे आणि पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली जायची. त्यामुळे मार खाल्लेली, भाजलेली, कोयत्याने तोडलेली माणसं टेम्पोतून थेट नगरला, खासदारांच्या संपर्क कार्यालयात येत. मी तिथे स्टेनो म्हणून लागले होते. हळूहळू पत्रं, फोन, दौरे, लोकसभेतल्या भाषणांचे मुद्दे, सगळंच माझ्याकडे आलं. फायलींच्या कपाटात खालचा कप्पा मी कापूस, पट्ट्या आणि जुन्या चादरींसाठी मोकळा ठेवला होता. त्याचा उपयोग दर आठवड्याला व्हायचा.

तो गवंडी होता, पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यातल्या एका गावचा, बौद्ध वस्तीतला. वस्तीत विहाराची भिंत बांधत होता. ती जागा आपली, असं गावातल्या विकास सोसायटीच्या चेअरमनचं म्हणणं होतं. पहाटे चेअरमनच्या माणसांनी भिंत पाडली. जाब विचारायला गेला तर त्यालाही पाडलं, कुऱ्हाडीच्या दांड्यांनी आणि लोखंडी पाइपाने. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. कानामागून वाहिलेलं रक्त शर्टावर वाळून शर्ट पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. बैठकीचं टेबल रिकामं करून आम्ही त्याला त्यावर निजवलं. साहेब त्या दिवशी नगरात होते. त्यांनी स्वतः त्याचं डोकं उचलून तोंडाला पाण्याचा पेला लावला. पाणी ओठांवरून परत आलं, लाल होऊन.

त्याची बायको टेबलाशी उभी होती. रडत नव्हती.

"सायेब, तुमी बघितलं न्हवं?" ती म्हणाली.

"बघितलं," साहेब म्हणाले.

त्यांनी हॉस्पिटलला फोन केला. पोलीस ठाण्याला केला नाही. तो चेअरमन त्या पट्ट्यातला त्यांचा मुख्य माणूस होता. गावोगावच्या मतपेट्या तोच सांभाळायचा.

संध्याकाळपर्यंत चेअरमनची उलटी फिर्याद दाखल झाली. त्याच दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गवंड्याने साथीदारांसह आपल्या घरावर दरोडा घातला, दागिने लुटले, अशी. दहाला तो आमच्या टेबलावर होता. मी पोलीस ठाण्यात जाऊन हे सांगितलं. इन्स्पेक्टरने कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"मॅडम, तुम्ही पगारी माणूस. साहेबांनी सांगितलं तर लिहून घेतो."

गवंड्याला हॉस्पिटलातल्या खाटेवरच अटक झाली. प्लास्टर ओलं असतानाच त्याला तुरुंगात नेलं. तिथे कुणीतरी त्या पायावर बादली आपटली, मुद्दाम. मोडलेलं हाड पुन्हा सरकलं. त्याला बाहेर काढू शकेल असा एकच शब्द होता, साहेबांचा, आणि साहेब अधिवेशनासाठी दिल्लीला गेले होते.

त्या अधिवेशनात दलितांवरच्या अत्याचारांविरुद्धच्या कायद्याची अंमलबजावणी देशभर कशी होते यावर चर्चा होती. साहेब बोलणार होते. मी मुद्दे पाठवले. पहिला मुद्दा गवंड्याचा होता. बाकीचे नेहमीचे: खास न्यायालयं, पीडितांचं पुनर्वसन, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी. साहेब चांगले बोलले. उत्तरेकडच्या राज्यांतली हत्याकांडं त्यांनी अशी मांडली की समोरच्या बाकांवरूनही दाद आली. पहिला मुद्दा मात्र गाळला. त्याऐवजी एक वाक्य आलं: "माझ्या जिल्ह्यात सर्व समाज गुण्यागोविंदाने नांदतात, तिथे हा कायदा वापरण्याची वेळच आलेली नाही."

मी फोनवर विचारलं. ते म्हणाले, "बाई, चर्चा देशाच्या धोरणावर होती. गावातली भांडणं दिल्लीत न्यायची नसतात."

"साहेब, तो माणूस आत आहे."

"आल्यावर बघू."

अधिवेशन संपलं की साहेबांचं भाषण छापायचं, तालुक्यांत वाटायचं आणि गावोगाव अहवाल सभा घ्यायच्या, हा आमचा शिरस्ता होता. सभेत गावातले गुरुजी भाषण मोठ्याने वाचत, साहेब बाजूला हात जोडून बसत. लोकांना ते आवडायचं. आपला माणूस दिल्लीत काय बोलला हे कानांनी ऐकायला मिळायचं. छापताना ते वाक्य काढावं असं मी सुचवलं. साहेबांनी ते ठेवलं. चेअरमनला ते फार आवडलं होतं. गवंड्याच्या गावची सभाही त्यांनी रद्द केली नाही. रद्द केली असती तर काहीतरी घडलं होतं असा अर्थ निघाला असता.

सभा मारुतीच्या देवळासमोर, मंडपात. व्यासपीठावर साहेब, चेअरमन, त्याचा धिप्पाड पुतण्या आणि गुरुजी. मी खाली कोपऱ्यात टेबल टाकून भाषणाच्या प्रती घेऊन बसले होते. वस्तीतल्या बाया मंडपाच्या बाहेर, उन्हात. गुरुजी खणखणीत आवाजात वाचत त्या वाक्यापाशी आले, तेव्हा गवंड्याची बायको उठून आत आली, थेट व्यासपीठाच्या कडेपर्यंत.

"गुर्जी, त्येवढं परत वाचा."

"ए, खाली बस," पुतण्या म्हणाला. "सभा हाय ही, कीर्तन न्हाई."

"कीर्तनात तरी खरं बोलत्यात."

मागे काही लोक हसले. चेअरमनने मान वळवून कोण हसतंय ते पाहिलं.

"सायेब," ती म्हणाली, "माज्या मालकाचा पाय गुण्यागोविंदानं मोडला का? तुमी पानी पाजलं हुतं त्येला. ते तरी छापायचं."

साहेबांनी माइककडे हात नेला. काय बोलणार होते ते कळलं नाही, कारण तेवढ्यात पुतण्या खाली उतरला होता. उतरताना त्याने मंडपाचा लोखंडी खांब खुंटीसकट उपसला. कापड एका बाजूने खाली आलं. तिने तोंड वाचवायला हात आडवा धरला आणि खांब कोपरावर बसला. तो आवाज माझ्यापर्यंत आला. ती पडली. त्याने पुन्हा मारलं, पाठीत. मग बरगड्यांत बूट घातला, मग पुन्हा. घाई नव्हती त्याला. साहेब त्याच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. वस्तीतल्या बाया ओरडत आत घुसल्या, गावातली पोरं त्यांच्या केसांना धरून त्यांना मागे खेचायला लागली, आणि दगड सुरू झाले. कुठून कोणता आला हे कुणालाच सांगता आलं नसतं. गुरुजी खुर्चीखाली गेले. एक दगड साहेबांच्या कपाळावर बसला आणि भुवईपासून वर कातडी उघडी पडली. मी त्या बाईला काखेत धरून टेबलाखाली ओढलं. तिचा हात कोपराच्या जागी मागे वळला होता. पुतण्याने खांब टाकून साहेबांना धरलं.

"सायेब, सांबाळून. रगत येतंय."

दुपारी नगरच्या हॉस्पिटलात साहेबांना टाके पडले. चेअरमन आणि इन्स्पेक्टर खोलीत आले. जबाब तयार होता, टाइप केलेला: वस्तीतल्या लोकांनी खासदारांवर जीवघेणा हल्ला केला, खाली वस्तीतल्या पुरुषांची नावं. साहेब तयार कागदांवर सही करायचे, रोज. मजकूर दुसऱ्याने लिहायचा आणि त्यांनी पेन फिरवायचं, हीच कामाची पद्धत होती. चेअरमनने पेन उघडूनच पुढे केलं.

मी म्हटलं, "साहेब, सभागृहात बोललेल्याबद्दल कोर्ट कुणा खासदाराला जाब विचारत नाही. ह्याबद्दल विचारेल. पिंजऱ्यात उभं राहावं लागेल. वाचून सही करा."

"बाईंना बाहेर पाठवा," चेअरमन म्हणाला.

साहेबांनी एका उघड्या डोळ्याने कागद वाचला. "ह्यातले पुरुष सभेत कुठे होते? बायाच होत्या."

"सायेब, ते आमी बघून घेऊ. तुमी निस्ती सही करा. पुतन्या पोरगंच हाय, लगीन ठरलंय त्याचं."

"मला हाडाचा आवाज आला," साहेब म्हणाले. "माझ्या पायाशी." मग माझ्याकडे न बघता, "बाई, लिहून घ्या."

त्यांनी सांगितलं, मी लघुलिपीत घेतलं. दगड कुणी मारला ते पाहिलं नाही. खांब कुणी मारला ते पाहिलं. आणि गवंड्याला आणलं त्या दिवसाबद्दलही: सकाळी दहाला गवंडी माझ्या कार्यालयात टेबलावर होता, त्याला मी पाणी पाजलं. चेअरमन उभाच राहिला. जाताना म्हणाला, "पुढच्या वेळंला पेट्या कोन सांबाळतो बघू." इन्स्पेक्टरने जबाब घेतला, कारण आता साहेबांनी सांगितलं होतं.

गवंड्याला जामीन मिळाला. पाय आखूड झाला होता.

गवंड्यावरचा दरोड्याचा आणि पुतण्यावरचा मारहाणीचा, दोन्ही खटले एकमेकांत गुंतलेले, म्हणून एकाच न्यायाधीशासमोर चालले. साहेबांची साक्ष टिकली नाही तर गवंडी दरोडेखोर ठरणार, हे सगळ्यांना माहीत होतं. साक्षीच्या आदल्या आठवड्यात दुपारी पंधरा-वीस जणांनी आमचं कार्यालय फोडलं. टाइपरायटर खिडकीतून रस्त्यावर गेला. शिपायाची बोटं दारात घालून दार लावलं. त्याचं ओरडणं समोरच्या हॉटेलात ऐकू गेलं, पण चहा पिणारे जागचे हलले नाहीत. मी काच झाडून घेतली, शिपायाला दवाखान्यात नेलं आणि साहेबांना विचारलं, साक्ष आहे ना? ते म्हणाले, आहे.

कोर्टात पुतण्याच्या वकिलांनी साहेबांचं छापील भाषण काढलं. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, की हे संसदेतलं आहे. न्यायाधीशांनी विचारलं, "हे आपणच छापून गावोगाव वाटलं ना?"

"हो," साहेब म्हणाले.

"मग चालू द्या."

वकिलांनी ते वाक्य वाचलं, हळू, शब्द सुटे करून. "हे आपण देशाच्या सर्वोच्च सभागृहात बोललात. तेव्हा गवंडी तुरुंगात होता, आपण त्याला पाणी पाजलं होतं, असं आता म्हणता. दोन्ही खरं असणार नाही. तिथलं खोटं की इथलं?"

साहेब पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभे होते. त्यांचे सगळे कार्यकर्ते मागे बसले होते, पत्रकारही. त्या एका भाषणावर त्यांचं दिल्लीतलं नाव झालं होतं.

"तिथलं खोटं," ते म्हणाले. "मला माहीत होतं, तरी बोललो."

"का?"

"मतांसाठी."

न्यायाधीशांनी उत्तर शब्दशः नोंदवायला सांगितलं.

गवंडी निर्दोष सुटला. पुतण्याला शिक्षा झाली, पण तो अपिलात जामिनावर बाहेर आला आणि त्याच आठवड्यात वस्तीतली दोन घरं पेटली. साहेबांना पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळालं नाही.

निकालाच्या दिवशी, हे सगळं व्हायच्या आधी, कोर्टाच्या आवारात ती बाई साहेबांसमोर आली. कोपर कायमचं वाकडं राहिलं होतं. "आता ह्ये दिल्लीत सांगनार का?" तिने विचारलं.

"आता मला दिल्लीला कोण पाठवतंय?"

"व्हय, ते बी खरं." ती थोडी हसली. नवऱ्याला कुबडी धरायची होती, म्हणून पिशवी तिने चांगल्या हातात घेतली. गावाकडची एसटी फाटकाबाहेर उभी होती. ते दोघं एसटीत न चढता तिच्या पुढून चालत गेले, नगरातच खोली बघायला.