दोन शिंकांची गाडी

थांबा, हे आत्ताच सांगतो, नाई तर मायं पोट फुटन!

आमच्या गल्लीतला गॅरेजवाला मिस्त्री मालकासोबत बोलतच नाई, तो गाडीसोबत बोलते. काल मी राजुऱ्याले जुनी कार पाहाले गेलो, त्याच्याच खटारा स्कूटरवर, मांगं बसून. कार पांढरी, चकाचक! मी त पाहताच फिदा. पिशवीत झेंडूचा हारबी नेलता.

मालकानं सर्व्हिसची वही पुढं केली. "मास्तरची गाडी हाये जी. घर ते शाळा, बस." पानोपानी "ओके, ओके", एकाच पेनानं.

मिस्त्रीनं वहीले हातच लावला नाई. बोनेटवर हात ठेवून म्हने, "कावं बाई, कुठी कुठी फिरली?" मंग इंजिनले कान लावला, सीट हुंगली, पायाखालची चटई उचलली अन् धडाधड दोन शिंका देल्या. कोळशाच्या धुळीनं त्याले एक शिंक येते, लोखंडाच्या धुळीनं दोन. चटईखाली लालभडक धूळ!

त्यानं चिमूटभर धूळ मालकाच्या तळहातावर ठेवली. "मास्तरची शाळा सूरजागडच्या लोखंडाच्या खदानीत भरते काय जी?"

मालकानं वही मिटली. मिस्त्रीनं बोनेट थोपटलं. "लय घासलं तुले. तुयी चूक नाई, बाई."

मायं तोंड एवढंसं झालं. "भाऊ, आता हाराचं काय करू?"

त्यानं हार घेतला अन् आपल्या स्कूटरले घातला. "हिची हिस्ट्री मले तोंडपाठ हाये. बस मांगं."

खरं सांगा बाप्पा, गाडीच्या आधी हार तुमीबी घेतलता काय कधी?