शेवटचा नाचणारा

थळच्या कोळीवाड्यात हरेश्वरला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. सकाळी होडीवर, संध्याकाळी हळदीत ट्रम्पेट. आमच्या बँडमध्ये ट्रम्पेटवर तो पहिला, मी विनेश दुसरा. लोक मानाचा नारळ त्याच्या हातात देतात, माझ्या हातात त्याची पिशवी. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. पण तसाही नाही मेला.

त्याचा एक नेम आहे. हळदीत शेवटचा नाचणारा बसेपर्यंत तोंडचा ट्रम्पेट खाली घ्यायचा नाही. मग नवरीचा मामा असो की म्हातारी चंद्राबाई. नजर त्यांच्या पायांवर, आणि सूर तिथल्या तिथे रचत जातो.

अशाच एका हळदीत मुंबईच्या पियूषने त्याला ऐकलं. या पियूषचा बँड म्हणजे लॅपटॉपवर डीजेसारखे ठोके, आणि त्यावर सॅक्सोफोनवाला मनात येईल ते वाजवणार, जॅझमध्ये वाजवतात तसं. किहीमच्या कार्यक्रमाला त्याने हरेश्वरला बोलावलं. मला नाही. मी काय शेजारी उभा राहून माशा मारत होतो? 

"विन्या, चल ना रं. तू असलास का मला धीर येतो," हरेश्वर म्हणाला.

गेलो. तो तोंडावर पडलेला बघायला गेलो.

नारळाच्या वाडीत ऊन कलताना कार्यक्रम सुरू झाला. हरेश्वरची पाळी आली. बरा वाजवला. लोक नाचले, दमले, बसले. आता तो थांबणार, तेवढ्यात मला बुद्धी सुचली. मी उठलो आणि नाचायला लागलो. बघतो आता कसा थांबतोस ते! दम तुटू दे, सूर फाटू दे, सगळ्यांसमोर.

त्याने माझे पाय पाहिले आणि वाजवत राहिला. पियूष हाताने 'पुरे' सांगत होता, हा बघेचना. सूर फाटलाही. पण त्या फाटक्या सुरालाच धरून त्याने असं काही काढलं की पियूषने 'पुरे' सोडलं आणि ठोके त्याच्या मागे नेले. बसलेले लोक उठून नाचू लागले. मी मात्र हट्टाने नाचत होतो, गुडघे जाईपर्यंत. शेवटी गवतात बसलो. बाकीचेही दमून थांबले, तेव्हा त्याने ट्रम्पेट खाली घेतला. टाळ्या थांबेनात.

पियूष धावत आला, तो माझ्याकडे. "काका, कमाल केलीत! पुढच्या शोला याल ना?"

 इतक्या वर्षांत कुणी मला पहिल्यांदा विचारत होतं.

"येतो की. ट्रम्पेट माझाच आणतो."

पियूष गोंधळला. "ट्रम्पेट? नाही हो काका, नाचायला."