जाळीपलीकडची खुर्ची

अहिल्याबाई एकदा बोलायला लागल्या की समोरच्याची धडगत नसे. अमेरिकेत पार्सिपनीला लेकीकडे राहायला आल्या, घरात बसून कंटाळल्या आणि जवळच्या छोट्या बेसबॉल स्टेडियमवर त्यांनी चक्क नोकरी धरली. निळी टोपी घालायची, लोकांना जागा दाखवायची, फडक्यानं खुर्ची पुसून द्यायची. नामांकित टीमचं स्टेडियम नव्हे हे. मोठ्या टीममध्ये जायची आस लावून बसलेली पोरं इथे खेळतात आणि मैदानामागच्या हिरवळीवर लोक चादरी टाकून लोळतात. बाईंचा थाट मात्र लग्नघरातल्या यजमानीणबाईंचा.

जूनमध्ये नागपूरहून विहीण आली, जावई परीक्षितची आई मीनाक्षीताई. लेकीचं, रुचाचं, बाळंतपण जवळ आलेलं. रुचा आणि परीक्षितचं लग्न करोनात कोर्टात उरकलं होतं, मुलाकडच्यांचा मानपान तेवढा राहून गेला, ही अहिल्याबाईंच्या मनातली सल. तो सगळा त्यांनी रविवारच्या मॅचला करायचा ठरवला.

"मी आपली मागे सावलीत बरी," मीनाक्षीताई म्हणाल्या.

"भलतंच काय! विहीणबाई मागे बसल्या तर लोक काय म्हणतील?"

कोण लोक? मानपान कशाशी खातात हे ठाऊक असलेलं चिटपाखरू तिथे नव्हतं!

पुढे, चेंडू लागू नये म्हणून बांधलेल्या जाळीमागेही जागा होती. पण जाळीतून फोटो चांगला येत नाही, म्हणून बाईंनी त्यांना जाळी संपते त्याच्याही पलीकडे, अगदी पहिल्या रांगेत नेलं. खुर्ची दोनदा पुसली. 'चेंडूवरची नजर काढू नका' हे वाक्य त्या येणाऱ्या प्रत्येकाला बजावत. त्या दिवशी मात्र फोन रोखून म्हणाल्या, "इकडे बघा, हसा!"

मीनाक्षीताईंनी मैदानाकडे पाठ केली. बॅटचा खाडकन आवाज आला, कुणीतरी ओरडलं, त्या दचकून वळल्या आणि चेंडू थेट डोळ्यावर बसला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्याची नजर परत येणार नाही. रुचा पोट सावरत कॉटपाशी उभी होती. तिनं विचारलं, "यांना तिथे बसवलं कोणी?"

जन्मभर चुरूचुरू बोलणारी अहिल्याबाईंची जीभ आत्ता हलेना.

"मीच हट्ट केला," कॉटवरून मीनाक्षीताई म्हणाल्या. "या नको नको म्हणत होत्या."

परीक्षितनं सासूचा हात धरला. "थँक्स आई. तुम्ही होतात म्हणून वेळेवर आणता आलं."

मुलं औषधं आणायला गेली तशा अहिल्याबाई फुटल्या. "का खोटं बोललात हो? आत्ता जाऊन सांगते मी त्यांना!"

"गप्प बसा. पोरीचे दिवस भरलेत. तिला आई लागणार आहे, भांडण नाही." मीनाक्षीताईंनी पट्टीवर हात ठेवला. "आणि नातवंडाचं कौतुक करायला मला एक डोळा पुष्कळ आहे. फक्त त्याच्यासमोर माझ्याकडे असं अपराध्यासारखं बघू नका."

अहिल्याबाईंना मान वर करवेना.