शाळा सारवली तेव्हा

आमच्या पेडण्यातल्या गावची मराठी शाळा मुलं कमी म्हणून बंद केली, तेव्हा माझी नात पहिलीत जायची होती. ती बसने दुसऱ्या गावी जाऊ लागली आणि परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. मी शिकले त्या शाळेत ती शिकावी, एवढंच माझं मागणं होतं.

वर्षभराने शाळेवर कामगार आले, बेळगावकडचे. कौलं उतरवली, भिंतींना चुना लागला. शाळा परत सुरू होणार, अशी बोलवा उठली. कोणी उठवली देव जाणे; आम्ही मात्र ती देवाचा कौल मिळाल्यासारखी धरून बसलो.

आमच्याकडे सरस्वतीपूजनाआधी गावच्या बायका शाळा सारवतात. मुलं बसतात ती जमीन घरच्या हातांनी तयार व्हावी, म्हणून. आम्ही चार-पाच जणी शेणाच्या टोपल्या घेऊन गेलो आणि आतल्या नव्याकोऱ्या लाद्या सारवून काढल्या. कामगार बिचारे बघतच राहिले.

दुसऱ्या दिवशी पणजीहून साहेब आले. "बाई, ही शाळा नव्हे, संग्रहालय होणार आहे," म्हणाले. लाद्या धुतल्या. शेणाचं पाणी अंगणातून वाहत गेलं, त्याचा मला फार राग आला. साहेबाचाही आला, कशाला खोटं बोलू? पुढे कोणाला तरी सुचलं की जुन्या शाळेत जमीन शेणाचीच हवी. मग त्याच लाद्यांवर शेणाच्या रंगाचा थर बसवला. आमचं शेण घाण आणि त्यांचा रंग वारसा.

उद्घाटनाला आम्हा बायकांना नऊवारी नेसवून पुढे बसवलं. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. नंतर नातीचा हात धरून मी आत गेले. दोरीपलीकडे मुलांचे पुतळे मांडी घालून बसवले होते. खाकी चड्ड्या, परकर-पोलकी, मांडीवर पाट्या. वर्ग गच्च भरलेला. माझ्या वेळीही इतका कधी भरला नव्हता.

"आजये, हीं सगळीं भुरगीं हंयच शिकतत?" नातीने विचारलं.

"तीं खरीं न्हय गो."

तिने दोरी धरून आत डोकावलं.

"मी खरी आसंय मगे. माका कित्याक बसाक देनत नाय?"

मागे गर्दी झाली होती. दारावरच्या माणसाने आम्हाला पुढे सरकायला सांगितलं.