बाहेरून कुलूप

मला भांडण आवडतं. कुणाला भजन आवडतं, कुणाला पाणीपुरी. माझ्यापुढे कुणी आवाज चढवला की मला थंडीत उन्हाला बसल्यासारखं वाटतं. तेवीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून दारोदार हिंडले, त्यातली निम्मी उंबऱ्याबाहेर उभं राहून बोलणी खाण्यात गेली. त्यातली काही बोलणी इतकी रंगतदार होती की मी ती अजून जपून ठेवली आहेत. पण माझी लाडकी वैरीण एकच. चाकणच्या अलीकडे, कंपन्यांच्या मागच्या अंगाला एक गाव आहे, तिथली खोल्यांची मालकीण.

तिची जमीन कंपनीत गेली. उरलेल्या तुकड्यावर पुढे गुलाबी बंगला आणि मागे समोरासमोर दोन रांगांत पत्र्याच्या बावीस खोल्या उभ्या राहिल्या. नवरा दिवसभर जागेच्या व्यवहारांत बाहेर, त्यामुळे मागचं राज्य हिचं. फाटकात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून ती लसूण सोलायची. माझी स्कूटी दिसली की मान वर न करता म्हणायची, "आला का सरकारचा फेरा?"

"आला," मी म्हणायची. "पाणी तरी विचारा."

"पाणी पिऊन अळ्या शोधनार. माहीत हाय मला."

अशी आमची सलामी. मी दिघीहून येताना रस्ताभर उत्तरं ठरवत यायची, आणि ती बहुधा लसूण सोलता सोलता.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता तापाची साथ आली. त्याच सुमारास आमच्याकडे एक नवे साहेब आले. वाकडच्या कुठल्याशा चौदाव्या मजल्यावर राहायचे, पांढऱ्या गाडीतून यायचे आणि गाडी चिखलापासून शंभर पावलं लांब लावायचे. त्यांनी आम्हा सगळ्या सेविकांना टॅब दिले. तापाचं घर सापडलं की नकाशात लाल ठिपका उमटणार, नाहीतर हिरवा. जिथे लाल जास्त तिथे फवारणी आणि रक्ततपासणीचं पथक आधी जाणार.

"सिस्टर, आता आपण डेटाने लढायचं," साहेब म्हणाले.

"डास बघतात का हो नकाशा?" मी विचारलं. ते हसले नाहीत. मला ते तिथेच आवडेनासे झाले.

टॅबवर पहिला प्रश्न होता, घरात कुणाला ताप आहे का. मी तो मालकीणबाईंना विचारला.

"घरात कुनाला ताप न्हाई."

"आणि मागे?"

"मागं घर कुठं हाय? मागं खोल्या हायेत."

आता यात ती खोटं बोलली असं मला शपथेवरही सांगता येणार नाही. तिच्या लेखी घर म्हणजे तो गुलाबी बंगला. खोलीत राहतो तो भाडेकरू, आणि भाडेकरूचं घर त्याच्या गावी. असे गावातले सगळे मालक एकमुखाने "घरात न्हाई" म्हणत होते आणि ठिपके हिरवे होत होते.

मी मागे जायची. अकराच्या सुमाराला. बावीसातल्या सात-आठ खोल्या उघड्या, बाकीच्यांना कुलूप. टॅबवर त्यासाठी 'घर बंद' असा पर्याय होता. मी दारावर खडूने तारीख लिहायची, टॅबवर बोट टेकवायची आणि पुढे. तीन आठवड्यांत तीन फेऱ्या झाल्या. माझ्यासारखी कामसू बाई मी स्वतःच दुसरी पाहिली नव्हती.

मग साहेबांनी गावातल्या लोकांची भागीदारी हवी म्हणून सभा बोलावली. ग्रामपंचायतीचा हॉल, भिंतीवर 'लोकसहभागातून आरोग्य' असा बॅनर. सहभागी लोक म्हणजे कोण, तर खोल्यांचे मालक. माझी वैरीण पहिल्या रांगेत, घडी मोडलेल्या नव्या साडीत. साहेबांनी पडद्यावर नकाशा दाखवला. तिच्या खोल्यांवरचा भाग पोपटासारखा हिरवा होता.

"आदर्श वस्ती," साहेब म्हणाले. "पथक आपण आधी दुसरीकडे पाठवू."

मालकीणबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं वर्णन करायला माझी लेखणी अपुरी आहे. लग्नात मानाची साडी मिळालेल्या विहिणीने न मिळालेलीकडे पाहावं, तसं.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "ह्यो हिरवा कुठला म्हणायचा?"

खानावळवाली मावशी होती. मूळची बीडकडची, वीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागे इकडे आली आणि आता त्या खोल्यांना डबे पुरवते. सभेचं निमंत्रण तिला नव्हतं, सभेचा चहा तिचा होता. एका हातात किटली, दुसऱ्या हातात कागदी कपांची चळत.

"काय म्हणालात, मावशी?" साहेबांनी विचारलं.

"म्हणलं, हिरवा कसा? माझे डबे वापस यायलेत."

"तू चहा वाटायला आलीस का पंचाईत करायला?" मालकीणबाई कडाडल्या. माझ्या अंगावर ऊन पडलं.

मावशीने किटली खाली ठेवली. "दमून आलेला माणूस अर्धा डबा खातो. प्यालेला भाजी खातो, भाकरी तशीच ठेवतो. ताप आलेल्याच्या तोंडाला चव नसती, त्यो निस्तं लोणचं चाटतो. डबा वापस आला की मी आधी लोणचं बघते. सा नंबरचा डबा चार दिवस झाले तसाच यायलाय. परवापर्यंत लोणचं तरी खायचा. काल लोणचंबी जागच्या जागी."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मावशी, डबा म्हणजे डेटा नव्हे."

"आन सा नंबर दिवसा रिकामा असतो," मालकीणबाई म्हणाल्या. "दोगं भाऊ हायेत, दोगंबी कंपनीत. इचारा नर्सबाईला. कुलूप हाय का न्हाई?"

मी टॅब पाहिला. सहा नंबर, घर बंद. तीनही वेळा. "कुलूप होतं," मी म्हणाले.

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाहते पाण्याचा ड्रम उघडा ठेवणाऱ्यांकडे. "सिस्टर, कुलूप बाहेरून असतंय. माणूस आतच असतोय. एक भाऊ दिवसपाळीला, एक रातपाळीला. दोघांत एक खाट, एक कुलूप, एक चावी. रातपाळीचा येऊन झोपला की दिवसाचा बाहेरून कुलूप लावून जातो. दार उघडं ठिवलं तर मोबाईल जातो, आन झोपलेल्याला कडी लावायला उठवायचं कशाला? निम्म्या खोल्यांचं असंच हाय. मी डबा खिडकीच्या गजाला अडकवते."

तेवीस वर्षं. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. सात-आठ उघड्या दारांशी मी भांडत होते आणि बंद दारांमागे माणसं झोपली होती. त्यातलं कोण नुसतं झोपलं होतं आणि कोण तापाने पडलं होतं, हे लोणच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

"चला," मी उठले. "बघूनच येऊ."

"चला की," मालकीणबाई पदर खोचत उठल्या. "खोली रिकामी निघाली तर नर्सबाई, माझ्या दारात पुन्यांदा पाऊल टाकायचं न्हाई."

"आणि माणूस निघाला तर?"

"तर तुमी म्हनाल ते."

निघालो. पुढे मालकीणबाई, मागे मी, माझ्यामागे मावशी आणि सगळ्यात शेवटी बूट सांभाळत साहेब. खरं सांगते, मी मजेत होते. अशी पैज आयुष्यात दोनदा लागत नाही. हरली की तिच्याकडून काय काय वदवून घ्यायचं याची मी मनात यादी करत होते.

सहा नंबरच्या दारावर माझ्याच अक्षरात खडूच्या तीन तारखा होत्या. कोयंड्याला पितळी कुलूप. खिडकीच्या गजाला डब्याची पिशवी जड लोंबत होती. आतून चादर लावलेली. मी हाक मारली. उत्तर नाही. दार वाजवलं. उत्तर नाही.

मालकीणबाई हसल्या. "जातावेळी फाटक लावून घ्या."

आणि आत स्टीलचा पेला पडला. पडून घरंगळत गेला. मग एक आवाज आला, इतका बारीक की तो ऐकायला आम्ही चौघे खिडकीशी वाकलो.

"चाबी भाई के पास है."

माझी सगळी मजा तिथे संपली. मी खिडकीतून विचारत राहिले, तो एकेक शब्द बोलत राहिला. पाचवा दिवस. उलट्या. हिरड्यांतून रक्त. भाऊ गोळ्या देऊन कामावर गेलेला, सुट्टी घेतली तर काढून टाकतील म्हणून. मावशीने भावाला फोन लावला. वाजत राहिला, कंपनीत फोन गेटवर जमा करावे लागतात. पाळी साडेतीनला सुटणार. आता बारा वाजून गेले होते.

वळून पाहते तर मालकीणबाई गायब. पळाली, मी म्हटलं, आणि मनातल्या मनात तिला जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. साहेब "अहो, परवानगी..." म्हणाले, तर बत्ता त्यांच्या नाकासमोरून गेला. "खोली माझी, कोयंडा माझा. कुनाची परवानगी?" दोन घाव कुलपावर बसले, त्याला काही झालं नाही. तिसरा कोयंड्यावर बसला आणि कोयंडा फळीसकट उचकटून आला.

आत खाट, खाटेवर पंचविशीतला माणूस, उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग. खाटेच्या डोक्याशी निळा ड्रम, झाकण नसलेला. त्यात वाकून पाहिलं. अळ्या निवांत नाचत होत्या. तीन आठवडे मी त्यांच्यापासून एका दाराच्या अंतरावर खडूने तारखा घालत होते.

साहेबांबद्दल मी आतापर्यंत बरं काही लिहिलेलं नाही, तर हे लिहिते. ते चिखलातून पळत गेले आणि ती पांढरी गाडी थेट खोलीच्या दारात आणली. त्याला उचलून मागच्या सीटवर ठेवताना त्यांचा सदरा रक्ताने आणि उलटीने भरला, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मालकीणबाईंनी गाडीच्या खिडकीतून एक टॉवेल आत फेकला, तोही असा की फेकून मारला असं वाटावं.

पिंपरीच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "संध्याकाळपर्यंत थांबला असता तर," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

त्या संध्याकाळी मी टॅब उघडून बसले. घर बंद, घर बंद, घर बंद. नकाशात ते तीनही हिरवे होते, कारण लाल नाही ते सगळं हिरवं असं यंत्राला शिकवलेलं. पण यंत्राला काय बोलायचं? बोट माझं होतं. माझ्याशी भांडायला त्या वेळी कुणी नव्हतं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही.

नवव्या दिवशी तो माणूस खोलीवर परत आला. साहेबांनी टॅबवरचा प्रश्न बदलला. 'घरात' काढून 'खोलीत' घातलं, आणि बंद दाराचा ठिपका काळा केला. पथक त्या खोल्यांवर आलं, ड्रमांना झाकणं बसली. आता रोज सकाळी मावशी मला फोन करते. नमस्कार वगैरे नाही.

"ल्ह्या सिस्टर. नऊ, ताप. चौदा, प्यालाय. एकोणीस, बायकोशी फोनवर भांडलाय, ताप नाही."

"ते कसं कळलं?"

"लोणचं सगळं खाल्लं, भाकरी मोडून ठिवलीय."

मी लिहून घेते. मावशी आजवर एकदाही चुकली नाही असं म्हणणार नाही. एकदा ती ज्याला प्यालेला म्हणाली त्याला कावीळ निघाली, आणि त्यावरून आम्ही दोघी चांगल्या तासभर भांडलो.

राहिली पैज. 'तुमी म्हनाल ते' होतं ना? मी म्हटलं, प्रत्येक कुलपाची दुसरी चावी एका जागी टांगायची. ज्या भाडेकरूची खोली त्याच्या मर्जीने. मालकीणबाईंनी तीन दिवस गाव डोक्यावर घेतलं. मग भाडेकरूंनी सांगितलं की चावी देऊ, पण बंगल्यात नाही, मावशीकडे. त्यावर तर ती अशी पेटली की मी मुद्दाम रजा काढून ऐकायला गेले. आणि चौथ्या दिवशी खानावळीच्या भिंतीवर एक फळी दिसली. बावीस खिळे, प्रत्येकाखाली रंगाने आकडा. खिळे वाकडेतिकडे ठोकलेले. हातोडीने ठोकलेले वाटत नव्हते.

परवा मी गेले. फाटकात खुर्ची, मांडीवर लसूण.

"आला का सरकारचा फेरा?"

"आला. घरात कुणाला ताप आहे का?"

"घरात न्हाई."

मी खोल्यांकडे वळले. दोन पाकळ्या सोलून झाल्यावर मागून आवाज आला.

"बारा नंबरात हाय. कालपास्नं. कुलूप बगून माघारी जाऊ नका, चावी तिकडं खिळ्याला हाय." आणि लगेच, वरच्या पट्टीत, "आन माझा कोयंडा कवा बसवून देताय, नर्सबाई?"

"बसवते की," मी म्हणाले.

अजून बसवलेला नाही.