आईच्या खुब्याचा शेक

माझं लग्न ठरलं त्या वर्षी आईच्या खुब्याचं हाड झिजत चाललं होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीपुढे धरून बाबांना सांगितलं, की हाड आता भरून यायचं नाही. शेकानं दुखणं तेवढं हलकं होईल. आईनं एकच विचारलं, वैशाखात पाटावर मांडी घालून बसता येईल का? कन्यादान जोडीनं आणि मांडी घालूनच करायचं, अशी आमच्या घरची रीत, आणि मी एकुलती एक. डॉक्टर म्हणाले, बघू.

म्हणून राळेगावचं घर सोडून ती यवतमाळला मामांकडे राहिली. रोज दवाखान्यात कुशीवर निजायचं आणि खुब्यावर लाल दिव्याचा शेक घ्यायचा. बाहेर लोक वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत होते आणि ही आत भाजून घेत होती. मी सोबत असे. दिव्याबद्दल तिचं मत काही बरं नव्हतं. ज्यात निखारा नाही, धूर नाही, तो कसला शेक, असं ती डॉक्टरांच्या माघारी म्हणे. पण गुण येत होता. आधी पाय जरा मुडपू लागला. मग एक दिवस मामींच्या स्वयंपाकघरात ती भिंतीला टेकून अर्धी मांडी घालून बसली आणि मला हाक मारून दाखवलं. इतकी खूश ती माझं लग्न ठरलं तेव्हाही झाली नव्हती.

लग्नाच्या आठवड्यात आम्ही घरी आलो. दिव्यानं कातडी हळवी झाली आहे, घरी दुसरा कुठलाच शेक देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आमचा मुलूख कापसाचा. दुखणं कोणतंही असो, उपाय सरकीचा. तव्यावर सरकी भाजायची, फडक्यात बांधायची आणि दुखऱ्या जागी ठेवायची. राहिलेली अर्धी मांडी सरकीनं जमेल, असं आईनं ठरवून टाकलं. एका रात्री आत्या पुरचुंडी ठेवत होती आणि आई दातांवर दात रोवून तिला अजून तापवायला सांगत होती. अति तिथे माती म्हणतात ते उगाच नाही. सकाळी खुब्यावर हे एवढे फोड आले होते. मांडी तर सोडाच, तिला उताणं निजणंही होईना.

कन्यादानाला काका-काकू बसले. बाबा धडधाकट होते, पण जोडीशिवाय कसे बसणार? ते मांडवाच्या खांबाशी उभे राहिले. काकूनं पाण्याची धार सोडली ती अगदी नीट, संथ. तिचं काही चुकलं नाही. तरी मला त्या बिचारीचा फार राग आला, आजही येतो.

निघताना आतल्या खोलीत गेले. आई भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडली होती. तिच्या पाया पडले आणि मला रडू आवरेना. हे तुझ्या हातून व्हायला हवं होतं, असं काहीतरी मी म्हणाले. तिला वळता येत नव्हतं. तिनं तसाच हात मागे करून माझं मनगट धरलं.

"रडू नको बाई. म्या कुठं देलं तुले? देलं ते तुह्या काकूनं. माह्याकडून तू अजून या घरातच हायेस."

बाहेर गाडी खोळंबली होती, बाबा दोनदा बोलावून गेले. शेवटी तिची बोटं मलाच सोडवावी लागली.